वाऱ्याखालचं घर

मंडळी, पहिले तो माईक जरा खाली घ्या. माझी उंची एवढीच आहे. हं, बस झालं.

मी शकुंतला. या मंगल कार्यालयाच्या मागच्या भिंतीले लागूनच माझं घर आहे. कुरडया-पापड करून विकते, म्हणून मले सगळे कुरडईवाली शकुताई म्हणतात. माझा आवाज मोठा आहे हे मलकापुरात कोणाले सांगायची गरज नाही. गच्चीवरून हाक मारली तर चौकातला ऑटो थांबते. पण आज सकाळपासून तो आवाज कुठं गेला, सापडून नाही राह्यला. मले म्हणाले, प्रल्हादभाऊवर दोन शब्द बोला. दोन शब्दांत मावणारा माणूस असता तर मी केव्हाच बोलून खाली बसली असती.

मले भाषण येत नाही. मले भांडता येते. आणि भाऊची माझी ओळखच भांडणातून झाली, म्हणून तिथूनच सुरू करते.

भाऊचं काम तुम्हाले माहीत आहे. कोणाले माहीत नसन तर पायाखाली पाहा. डांबराचं अंगण उन्हानं पांढरं पडते, त्याले बारीक भेगा जातात. पावसाचं पाणी त्या भेगांत शिरलं की अंगण फुटते. म्हणून त्याच्यावर काळा पातळ हात फिरवायचा. भाऊ त्याले सील कोट म्हणत. पेट्रोल पंप, कापसाच्या जिनिंगचं अंगण, दवाखान्याचं पार्किंग, हे कार्यालय, सगळीकडे त्याईचा हात फिरला आहे.

आता हे काम कधी करतात? उन्हाळ्यात. आणि कुरडया कधी होतात? उन्हाळ्यातच. त्याईले ऊन पाहिजे, मले ऊन पाहिजे. त्याईले वारा नको, मले वारा नको. एकाच उन्हाचे आम्ही दोन गिऱ्हाईक. भांडण होणार नाही तर काय होईन?

ते पहिलं वर्ष होतं. मी गच्चीवर साड्या अंथरून कुरडया टाकल्या होत्या. गहू भिजवा, वाटा, चीक काढा, शिजवा, सोऱ्यानं पाडा. ज्या बायाईनं केल्या आहेत त्याईले माहीत आहे, पाठीचा काटा ढिला होते. खाली या अंगणात भाऊ पंपानं फवारा मारून राह्यले होते. वारा सुटला. थोड्या वेळानं मी वर जाऊन पाहते तं काय, पांढऱ्याशुभ्र कुरडयांवर काळे ठिपके. एक कुरडई सोडली नव्हती.

मी खाली आली. काय काय बोलली ते आज सांगत नाही. समोर फोटोले हार घातला आहे. भाऊ माझ्यामागं गच्चीवर आले. एक कुरडई उचलली. उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली. आणि म्हणतात, "ताई, तीळ टाकल्यावानी दिसून राह्यल्या."

मले हसू आलं होतं. पण मी आवरलं. रागावलेल्या बाईनं मधेच हसलं की भांडण वाया जाते.

मी नवे गहू भिजू घातले. चीक झाला त्या दिवशी सकाळी दारात प्रल्हादभाऊ उभे, मागं त्याईची बायको रुख्मा. "सोऱ्या कुठं हाये?" एवढंच विचारलं. दिवसभर त्या माणसानं माझ्या गच्चीवर सोऱ्या दाबला. डांबराचे हात, रॉकेलनं पुसून, साबणानं तीनदा धुऊन आणले होते, तरी मी एकदा वास घेऊन पाहिला. रुख्मा चीक हाटत होती आणि नवऱ्याले म्हणत होती, "गोल पाडा हो, अंगण नाही ते." त्या दिवसापासून रुख्मा माझी झाली आणि भाऊ माझे भाऊ झाले.

आणि तेव्हापासून भाऊनं एक रीत पाडली. कुठंही काम असो, पहिले फाटकापाशी बांबू रोवायचा. त्याले फडकं बांधायचं. वारा कोणाकडे चालला ते पाहायचं. मग ज्या घराकडे वारा जाते त्या घरी जाऊन विचारायचं, "आज तुमच्याकडे वाळवण हाये काय?"

त्या घराले ते म्हणत, वाऱ्याखालचं घर.

वाळवण म्हणजे नुसते पापड नव्हे बरं. दोरीवरचे कपडे असोत, मिरच्या असोत, बाजेवर उन्हाले बसवलेली म्हातारी असो, त्याईच्या हिशेबानं सगळं वाळवणच. समोरच्यानं "हाव" म्हटलं की भाऊ पंप गुंडाळत आणि म्हणत, "मंग उद्या."

या एका शब्दापायी त्याईचं नावच पडलं उद्याभाऊ. तुम्हीच पाडलं. हसू नका, तुम्हीच पाडलं. "लग्न आज, अंगण उद्या," असं या चौकात पानठेल्यावर कोण म्हणत होतं, मी नाव घेत नाही. ते तिसऱ्या रांगेत बसले आहेत. कामं हातची गेली त्याईची. दुसरे येऊन भर वाऱ्यात फवारा मारून जात. आणि खरं सांगायचं तर भाऊचा अंदाज चुकतही होता. त्याईनं उद्या म्हणावं आणि दिवसभर निंबाचं पान हलू नये. मग मी गच्चीवरून विचारत होती, "काय भाऊ, वारा कुठं गेला?" तं म्हणत, "तुमच्या कुरडयाईनं खाल्ला."

मंडळी, मी या शब्दावर फार विचार केला आहे. कामचुकार माणूसही उद्याच म्हणते. मग भाऊत आणि त्याच्यात फरक काय? कामचुकार म्हणते तो उद्या त्याच्या स्वतःच्या सोयीचा असते. भाऊचा उद्या दुसऱ्याच्या गच्चीसाठी होता. वारा ज्याच्याकडून येते त्याले काही कळत नाही. ज्याच्याकडे जाते त्यालेच कळते. आपण रोज काही ना काही उडवतोच. धूर उडवतो, धूळ उडवतो, शब्द उडवतो. ते कोणाच्या गच्चीवर पडलं, हे पाहाले कोण जाते? एक माणूस जात होता.

पण नुसतं गोड बोलून मी खाली बसली तर भाऊले पटणार नाही. ते म्हणतीन, ताई, आज भांडण नाही काय? आहे. भांडण आहे. मले त्याईचा राग आहे.

भाऊच्या शेवटच्या दिवशी सकाळी इथं वारा पडला होता. भाऊनं आणि त्याईच्या पोरीनं, वर्षानं, फाटकाकडून काम सुरू केलं. दुपारपर्यंत अर्धं अंगण काळं झालं. मग फडकं उडालं. भाऊनं हात थांबवला, वर्षाले म्हणाले, "राह्यलेलं उद्या." आणि नेहमीसारखे माझ्याकडे चहाले आले. कप खाली ठेवला आणि छातीवरून हात फिरवला.

मी म्हटलं, "काय होऊन राह्यलं?"

"काही नाही. जळजळ. सकाळचं बेसन हाये."

"भाऊ, दवाखान्यात जा."

"जातो की."

"कवा जाता?"

तुम्हाले उत्तर माहीत आहे. मी सांगायची गरज नाही.

तो उद्या भाऊले दिसला नाही. सांगा बरं, मी काय करू या शब्दाचं? जो शब्द आमचे पापड वाचवत होता, तोच माणसाले घेऊन गेला. दवाखान्याच्या पार्किंगले त्याईनं स्वतःच्या हातानं काळा रंग दिला होता. आत मात्र कधी गेले नाहीत. मंडळी, दुसऱ्याच्या घरासाठी खुशाल उद्या म्हणा. स्वतःच्या छातीसाठी म्हणू नका. त्यासाठी आजच जा. वारा असो, वादळ असो, आजच जा. मी एवढं भांडून राह्यली आहे आणि समोरून उत्तर येऊन नाही राह्यलं. हेच मले सहन होत नाही.

थोडं पाणी द्या.

रुख्माबद्दल एक सांगते. ती बसली आहे खांबापाशी. रडून नाही राह्यली. काल एक बाई मले म्हणे, "रुख्मा मनाची घट्ट हाये, सावरली लवकर." नाही बाई. वाऱ्यात टाकलेली कुरडई वरून लवकर वाळते, आत ओलीच राहते. डब्यात भरली की बुरशी धरते. भाऊ सांगत, सील कोटचंही तसंच आहे. वाऱ्यानं वरची साय धरते, आत कच्चंच राहते, आणि गाडीचं चाक वळलं की साय उपटून येते. रुख्मानं वरची साय धरली आहे. तिले वाळाले वेळ द्या. तेरवी झाली, आपलं काम संपलं, असं करू नका. नंतरही जात जा. न बोलता बसलं तरी चालते.

आता मी ज्यासाठी उभी राह्यली ते बोलते.

तुम्ही बसले आहात ते अंगण पाहा. फाटकाकडचे लोक काळ्यावर बसले आहेत. इकडे स्वयंपाकघराकडचे आपण पांढऱ्यावर. मधली रेघ दिसते ना? तिथं भाऊचा हात थांबला.

कार्यालयाचे मालक बापूसाहेब समोरच आहेत. बापूसाहेब, काल तुमच्या ओसरीत काय बोलणं झालं ते माझ्या कानावर आलं. कान मी लावला नव्हता. भिंतच आपली एक आहे. तेरवीच्या आधी इथं लग्न आहे. लग्नघरचे म्हणतात, अर्धं काळं अर्धं पांढरं बरं नाही दिसत. दुसरा ठेकेदार तयार आहे. म्हणाल त्या दिवशी मारून देतो म्हणते, वारा असो की नसो.

बापूसाहेब चुकीचं बोलून नाही राह्यले. त्याईचा धंदा आहे, लग्नघराचा शब्द त्याईले राखावा लागते. आणि भाऊचा उद्या त्याईनं जेवढा ऐकून घेतला तेवढा या गावात कोणीच नाही ऐकला. हे मी सगळ्याईसमोर सांगते.

पण वर्षाचंही ऐका. भाऊची एकुलती एक पोरगी. बारावी झाली तेव्हापासून भाऊसंगं कामावर आहे. भिंतीजवळचा काठ तीच धरते. भाऊचा हात काठावर थरथरत होता; तिचा सरळ चालते. परवा ती माझ्या पायरीवर येऊन बसली. मले म्हणाली, "मावशी, बाबा मले म्हणाले होते, राह्यलेलं उद्या. तेरवीपर्यंत घरातलं कोणी कामाले हात लावत नाही. तवर दुसऱ्यानं येऊन केलं तं लोकं काय म्हणतीन? उद्याभाऊ अर्धं टाकून गेला म्हणतीन. त्याईचा उद्या एकदाही खोटा नव्हता पडला, मावशी. उशिरा येत होता, पण येत होता."

माझं अंगण थोडीच आहे हे? मी तिले चहा दिला. भाऊच्याच कपात दिला. तिनं तो कप दोन हातात धरला आणि थंड होऊ दिला.

म्हणून बापूसाहेब, माझं एक मागणं आहे. हे अर्धं अंगण तेरवीपर्यंत असंच राहू द्या. लग्नात पांढऱ्या बाजूले आचाऱ्याच्या भट्ट्या लावा. तिकडं कोण फोटो काढाले जाते? ते जमत नसन तर हिरवी मॅट टाका. मॅट कमी पडली तर माझ्या वाळवणाच्या साड्या आहेत, धुऊन देते. नवरीच्या बापाले समजवाले मी येते. मी समजवते म्हटल्यावर माणूस लवकर समजते, तुम्हाले अनुभव आहे.

आणि तेरवीनंतर ज्या दिवशी वारा हळू असन, त्या दिवशी वर्षा फडकं पाहीन. फडकं माझ्या घराकडे वळलेलं दिसन. वाऱ्याखालचं घर माझंच आहे. ती दारात येऊन विचारन, बापासारखंच विचारन. तिले मी चारचौघांत आत्ताच सांगून ठेवते. वर्षा, त्या दिवशी माझ्याकडे वाळवण नाही. एक पापड नाही, एक पदर नाही. गच्ची रिकामी आहे बाई. तू बिनधास्त कर.

आता आपण उभे राहू. घड्याळाकडे कोणी पाहू नका. फाटकावरचा बांबू अजून तसाच आहे. त्यावरचं फडकं माझ्याच जुन्या साडीचं आहे. आत्ता ते उडून राह्यलं आहे. ते पडतपर्यंत गप्प राहू. लवकर पडलं तर लवकर बसू. नाही पडलं तर थोडे पाय दुखतीन. भाऊनं आपल्यासाठी याच्याहून जास्त वाट पाहिली आहे.

प्रल्हादभाऊ, वाऱ्याखालच्या घराचा नमस्कार घ्या.

आणि बापूसाहेब, चारचौघांत माणूस भिडेनं हाव म्हणते आणि घरी जाऊन पस्तावते. म्हणून मले आत्ता उत्तर देऊ नका.

उद्या द्या.