पहिला लेख, दवाखान्यातून

बाळाच्या लशीसाठी दवाखान्यात नंबर लावून बसले होते. बाळ मांडीवर झोपलेलं. शेजारच्या बाकावर एक आजी-आजोबा, आजींच्या हातात मोबाईल.

"अहो, अधूनमधून जरा खोका ना."

"मला काही झालेलंच नाही, तर खोकू कशाला?"

"घरचं इंटरनेट सकाळपासून बंद, इथलं फुकट चालतंय. पेशंट असल्याशिवाय कोण बसू देतंय?"

"तुझ्या ब्लॉगपायी मी आजारी!"

"आज पहिला लेख टाकते म्हणून सगळ्या मैत्रिणींना सांगून बसलेय. आता माघार नाही."

"लिहिलंयस तरी कशावर?"

"तुमच्यावर. रिटायर झाल्यावर घरकाम शिकलात, त्यावर."

"म्हणजे जगभर माझी शोभा!"

"आधी वाचा तर. तुम्ही नको म्हणालात, तर नाही टाकणार."

आजोबांनी चष्मा चढवला. बराच वेळ वाचत राहिले.

"दूध एकदाच उतू गेलं होतं. तू दोनदा लिहिलंयस."

"बरं बाबा, एकदाच करते. आणि शेवटचं?"

"कुठलं?"

"माझा हात मोडला होता तेव्हा रोज माझी वेणी घालायचात, ते. काढू का?"

"राहू दे. वेणी मी चांगली घालायचो."

"आजोबा, तुमचा नंबर आला!" काउंटरवरच्या मुलीने हाक मारली.

"माझं राहू दे गं, आधी या बाळाला घे," असं म्हणून ते आजींकडे वळले. "तू दाब ते बटण. तोवर मी खोकतो."