दाजींची चौकशी

...आन वर संस्थेचे सेक्रेटरी मलाच विचारत्यात, "सुभेदार, तुमचा चौकशीवर इश्वास न्हाई व्हय?" आता काय सांगायचं ह्येंला? इश्वास हाय की, लय हाय, पण टेबलाच्या त्या बाजूला तीन माणसं, त्यातला एक अध्यक्षांचा व्याही, दुसरा अध्यक्षांचा साडू, आन ह्या बाजूला एकटे आमचे दाजी, ह्येला तुमी निष्पक्ष म्हणता? म्हणलं साडू कसा काय घेतला? तर म्हणले, नियमात बाहेरचा माणूस घ्या म्हणून लिवलंय, आन साडू काय रक्ताचा असतो व्हय? नियमानं, बरं का. सगळं नियमानं!

पण थांबा, तुमी दाजींना कुठं वळखता! दाजी म्हंजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अंजनाअक्काचे मालक. प्राध्यापक जोतीराम, विषय भूगोल. कवठे महांकाळवरनं जतकडं निघालं की एक कॉलेज लागतंय, नाव सांगत न्हाई, उगंच मलाच नोटीस यायची. तिथं दाजी वीसेक वर्षं कायम. आता आमी फौजी माणसं, पलटणीत कायम असं कायच नसतंय, त्यामुळं मला लय कौतुक. मला वाटायचं कायम म्हंजे रिटायर हुईस्तवर खुर्चीला खिळे ठोकल्यात. कसले खिळे आन कसलं काय...

गुन्हा काय? सांगतो. दाजी पोरांना घेऊन जतच्या अंगाला अभ्यास सहलीला गेले. पोरांनी गावोगाव इचारलं, पाणी कुठनं आणता, टँकर येतो का, आन आल्यावर एक मोठा नकाशा रंगवला. टँकर चालू असल्याली गावं लाल. गॅदरिंगला त्यो हॉलच्या दारात लावला. झालं! आता संस्थेचे अध्यक्ष लालासाहेब हरएक भाषणात सांगत्यात की आमच्या गावाला कवाच पाणी आलं, टँकर आता म्युझियममध्ये ठेवा. आन नकाशावर त्येंचंच गाव लालभडक. गॅदरिंगचे प्रमुख पाव्हणे आले ते नेमके नकाशापुढं थांबले, चष्मा वर केला, लालासाहेबांकडं बघितलं आन नुसतं "बरं" म्हणले. त्या एका 'बरं'वर दाजींना आरोपपत्र! संस्थेची बदनामी, गैरवर्तन, नोकरीतनं बडतर्फ का करू नये?

दाजी साधा माणूस. म्हणले, अध्यक्षसाहेब, चुकीचं असंल तर रंग बदलतो, फकस्त टँकर यायचा बंद करा. हे बोलायला नको हुतं... पण भूगोलवाल्याला कोण सांगणार?

खरी गोम निराळीच हुती, तुमाला सांगतो. लालासाहेबांचा पुतण्या राजवर्धन, त्यानं भूगोलातच एम.ए. केल्यालं, पीएच.डी. पण कुठनंतरी पैदा केल्याली, आन भूगोलात जागा एकच. त्या जागेवर दाजी. एका मोटारसायकलवर दोघं बसत्यात, एका जागेवर न्हाई.

मग चौकशी सुरू झाली. मला आत घेईनात, पण त्या खोलीच्या खिडकीला काच न्हवती, मग मी भायेर बाकड्यावर बसून सगळं ऐकायचो. दाजी म्हणायचे, माझ्याविरुद्धची कागदं दाखवा. सेक्रेटरी म्हणायचे, दाखवू की, निकालाबरोबर देऊ. दाजी म्हणले, माझे साक्षीदार बोलवा, नकाशा केल्याली पोरं हायत. साडू म्हणला, पोरांचा अभ्यास बुडंल. बघा केवढी पोरांची काळजी! पलटणीत आमचा साहेब आधी शिक्षा सुनवायचा आन मग इचारायचा, पण निदान तोंडावर सांगायचा तरी, की गड्या, तुझी काय खैर न्हाई. हितं मात्र चा-बिस्किटं देऊन, सर बसा, सर घ्या, सर तुमचं काय म्हणणं हाय... आन म्हणणं लिवूनच घेईनात! पण हां, हजेरीवर सही रोज घ्यायचे. नियमानं.

कॉलेजातली माणसं तर काय इचारू नका. इतिहासाचा इंद्रजित, वीस वर्षं दाजींच्या डब्यातली चटणी खाल्ल्याला, त्यो दाजी दिसले की मोबाईल कानाला लावायचा. मोबाईल बंद असायचा, मी बघितलाय! दाजी घरी काय बोलायचे न्हाईत. पण जेवताना ताट तसंच राहायचं. अक्कानं एकदा मला परड्यात बोलवलं आन म्हणली, "आबा, ह्यांची नोकरी गेली तर ह्यो माणूस जगायचा न्हाई. ह्यांना दुसरं काय येतच न्हाई रं." खरं सांगतो, सियाचीनला मला कवा एवढी भीती वाटली न्हाई.

आता तिसरं माणूस राहिलं बघा. चौकशीच्या मुख्य म्हणून एक रिटायर जज हुत्या, साताऱ्याच्या संयोगिताबाई. ही एक बाई खरोखरची बाहेरची, तीबी मुख्य जज पायजे असा नियम हुता म्हणून आणल्याली. पण बाई गप. सगळं ऐकायच्या, लिवायच्या, गाडीत बसून साताऱ्याला जायच्या. मी म्हणलं, गेली ही पण त्यांच्या बाजूला. दाजी म्हणले, आबा, उद्या शेवटचं हाय, नवा शर्ट काढून ठेव म्हणावं तुझ्या अक्काला. बडतर्फीला नवा शर्ट, काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी आमी लवकर गेलो. कॉलेजच्या गेटवर बघतोय तर काय... फ्लेक्स! एसटीएवढा. मधी राजवर्धन, काळा गॉगल, गळ्यात हार, आन खाली: "भूगोल विभागात कायम प्राध्यापकपदी निवड झाल्याबद्दल दादांचे हार्दिक अभिनंदन!" आता तुमी म्हणाल, जागा भरल्याली असताना निवड कशी झाली? आवं, आपल्याकडं निवड झाल्यावर फ्लेक्स लावतंय कोण? तवर दुसऱ्या गटाचा लागतोय की! दादांच्या पोरांनी इचार केला, निकाल आज लागणारच हाय, दुसऱ्या कुणाच्या आधी गेटची जागा धरावी. मोक्याची जागा, रात्रीतनं बांबू ठोकले. आन खाली शुभेच्छुक म्हणून फोटोंची रांग... त्या रांगंत, हात जोडून, हसतमुखानं, एक व्याही आन एक साडू!

दाजी फ्लेक्स बघून पायरीवरच बसले. म्हणले, चल आबा, घरी जाऊ. मी म्हणलं, दाजी, उठायचं न्हाई. लढाईत समोरच्यानं स्वतःच्याच पायावर गोळी झाडली तर मैदान सोडत्यात व्हय?

तवर साताऱ्याची गाडी आली. बाई उतरल्या. चष्मा पुसला. आन उभ्या राहून तेवढा फ्लेक्स वरपासनं खालपर्यंत वाचला. एकेक फोटो बघितला, शांतपणे. सेक्रेटरी पळत आले, मॅडम चला, चा गार हुतोय. मॅडम हलंनात. शेवटी आत गेल्या, तवा मी खिडकी सोडून सरळ खोलीच्या दारातच जाऊन उभा राहिलो, कुणाला मला अडवायचं भानच न्हवतं.

आत बसल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "मला एक सांगा. ही जागा रिकामी कधी झाली?"

सेक्रेटरी म्हणले, पोरांचा उत्साह हाय, मॅडम. साडूनं रुमाल काढून घाम पुसता पुसता तोंडच झाकलं, जसा काय फ्लेक्सवरचा फोटो दिसायचा बंद होणार हाय. व्याही म्हणले, फोटो आमाला न इचारता छापत्यात, वाढदिवसाला पण छापत्यात. बाईंनी टोपण लावून पेन पर्समध्ये टाकलं. "निकाल गेटवर लागलेला आहे. मग मी इथं कशाला बसू? हे दोघे समितीत असतील तर ही चौकशीच नाही, आणि तसं मी विद्यापीठाला लिहून कळवणार आहे." उठल्या. दाजींपुढं आल्यावर थांबल्या आन म्हणल्या, "सर, तुमचा तो नकाशा मला बघायचाय." तुमाला सांगतो, एवढ्या महिन्यांत त्या खोलीत नकाशा बघायला मागितल्याली ही पयली व्यक्ती!

आठ दिवसांत आरोप मागं. समज-गैरसमज झाला म्हणून पत्र आलं. पोरांनी फ्लेक्स उतरवला, त्यो आता कुणाच्यातरी कडब्याच्या गंजीवर हाय, राजवर्धन पावसात भिजतोय. जो त्यो दाजींचा हात हातात घेऊन म्हणायला लागला, सर, आमाला खात्री हुतीच. इंद्रजितचा मोबाईल पण कानावरनं खाली आला. आन अक्का? अक्कानं पत्र वाचलं, देवापुढं ठेवलं, आन भर दुपारी आडवी झाली ती दिवे लागायला उठली. घोरत हुती. मी आन दाजी सोप्यात बसून ते घोरणं ऐकत हुतो आन दोघांच्या डोळ्यांत पाणी. असलं झ्याक घोरणं मी जन्मात ऐकलं न्हाई.

आता ह्येच्यावर गोष्ट संपायला पायजे हुती, का न्हाई? पण न्हाई. गेल्या महिन्यात संस्थेनं इंद्रजितला धरलं. त्येच्यावर चौकशी. आन समितीत कोण? आमचे दाजी! अनुभवी माणूस पायजे म्हणले. मला वाटलं, चला, आता तरी एका माणसाचं कुणीतरी नीट ऐकून घेईल.

परवा जेवायला बसलो हुतो. मी सहज इचारलं, दाजी, इंद्रजितनं केलंय तरी काय? दाजींनी भाकरीचा तुकडा मोडला, वांग्याला लावला आन म्हणले, "त्यात काय बघायचंय? त्यो तसलाच हाय. आधी निकाल लिवून ठेवतो आन मग त्येला बोलावतो, म्हंजे वेळ जायला नको."

मी अक्काकडं बघितलं. अक्कानं दाजींकडं बघितलं. दाजी मन लावून जेवत हुते, ताट चाटूनपुसून लख्ख. अक्का हळूच म्हणली, "आबा, गप. आता संस्थेच्या कामावर रुजू झालेत त्ये."