दुसरी रिंग

(केदारखेडा, २००६. दहावा उरकून पाहुणे गेले आहेत. ओट्यावर रखमाजी, थोरली लेक कौसल्या आणि पुण्याला नोकरी करणारा, नुकताच जर्मनीहून परतलेला मुलगा भुजंग.)

रखमाजी : फोन घे की. कवाचा वाजून राह्यला.

भुजंग : ऑफिसचा आहे, आबा. नंतर बघतो.

रखमाजी : इथं घेतला तर पैसे लागत न्हाई ना?

भुजंग : इथं नाही. जर्मनीत लागायचे. आलेला फोन घेतला तरी मिनिटाला शंभर. म्हणून तर आपलं ठरलं होतं.

कौसल्या : ठरलं न्हाई, तू ठरवलं. एक रिंग देऊन कट केली तर सगळं बरं. लागोपाठ दोन दिल्या तर तू बूथवरून फोन करणार. आईनं पाठ करून ठेवलं ते.

भुजंग : अक्का, रविवारी बोललो तेव्हा ती बरी होती. पुढं रोज एकच रिंग यायची. मला वाटायचं, घरी बरं चाललंय.

रखमाजी : सोमवारपासून जालन्याच्या दवाखान्यातून येत होती ती रिंग.

भुजंग : मग दोन का नाही दिल्या?

कौसल्या : देऊ देत होती का? सलाईनचा हात, तरी मोबाइल सोडंना. म्हणायची, परक्या मुलखात लेकरू घाबरंल, उगं खर्चा करंल.

रखमाजी : शुक्रवारी म्हणली, आज दोन द्या. तिचा हात उचलत नव्हता. मी एक दिली. दुसरी लावायला गेलो तर म्हणली, राहू द्या.

भुजंग : मग?

रखमाजी : मंग काय. राहू दिलं मी. शंभर रुपयाचा हिशोब मलाबी कळतो ना. थू.

कौसल्या : दुसरी रिंग मी दिली. ती गेल्यावर.

रखमाजी : बिल किती आलं रे तुझं?

भुजंग : आबा, ते जाऊ द्या.

रखमाजी : किती आलं?

भुजंग : मला माहीत नाही. कंपनी भरते.

कौसल्या : कंपनी भरती?

भुजंग : सगळं. पण घरचे कॉल निघाले की साहेबाला सांगून सही घ्यावी लागते. पहिल्यांदाच पाठवलं होतं मला. लाज वाटायची.

रखमाजी : आईचा फोन आला म्हणून सांगायची?

भुजंग : चुकलं माझं.

रखमाजी : बायको माझी मेली, अन् पैसे कंपनीचे वाचले. कौसल्ये, हा चहा उचल.

कौसल्या : सकाळपासून पोटात काही न्हाई तुमच्या.

रखमाजी : उचल म्हणलं ना.

भुजंग : आबा... काय सांगायचं होतं तिला?

रखमाजी : मी इचारलं. म्हणली, मिनिटभराचंच हाय, त्यालाच सांगते.