शेगडीवाल्याची तोंडी परीक्षा

…आता तुम्हीच सांगा, सत्तरी ओलांडलेल्या माणसाला कुणी भिंतीकडे तोंड करून उभं करतं का? आमची बाई करते. बाई म्हणजे बायको हो, तेहेतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, सगळे बाई म्हणायचे, मीही बाईच म्हणतो. आणि मी कोण, तर गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणारा. ती शिकवणीच्या मुलांना ओरडून सांगायची आणि मी बाजूच्या खोलीत बर्नर घासत ऐकायचो, "श्वास घेणं म्हणजे श्वसन नव्हे!"

तुम्हाला सांगतो, गेल्या महिन्यात न्यूमोनियातून घरी आली ती बोलेना, खाईना, भिंतीकडे तोंड करून पडून. डॉक्टर तिच्या बोटाला चिमटा लावून मला म्हणतात, "वा आजोबा, आजींचा श्वास एकदम छान." मुलगा फोनवर, "बाबा, श्वास ठीक आहे ना, मग काळजी कसली?" अरे, श्वास घेणं म्हणजे श्वसन नव्हे! हवा आत जातेय, पण आत जाळायला काही नको? तीन दिवसांत चार चमचे सूप… मनगटाची हाडं दिसायला लागली, घाबरलो हो मी. विनवलं, रागावलो, मोरीत नळ सोडून रडलोसुद्धा.

मग एका दुपारी वाटी घेऊन बसलो आणि काय सुचलं कुणास ठाऊक, मोठ्यानं म्हणालो, "शरीर म्हणजे शेगडीच की. साखर गेली, भडका उडाला, ताकद आली."

तिची पाठ जरा हलली. म्हटलं, ठिणगी पडली. "आणि हे सगळं होतं फुप्फुसात."

उठून बसली ना! "फुप्फुसात? अहो, प्रत्येक पेशीत होतं. आणि भडका उडाला तर माणूस उरेल का? साखर पायरीपायरीनं मोडते, थोडी थोडी ऊर्जा सुटते, ती पेशी साठवून ठेवते…" इथं तिला दम लागला. मी चमचा पुढे केला. "आणि ऑक्सिजन नसला तर?"

"तर अर्धवटच मोडते," एक घोट, "ऊर्जा अगदी जराशी मिळते," दुसरा घोट, "आणि तुम्ही इतकी वर्षं कान कुठे ठेवले होते?" वाटी रिकामी.

तेव्हापासून जेवणाच्या वेळी वर्ग भरतो. मी चुकायचं, तिनं समजावायचं, समजावता समजावता जेवायचं. तंतुकणिकेला पेशीतला बर्नर म्हणालो, तर अर्धा गुण दिला आणि हसली… केवढ्या दिवसांनी हसली हो.

पंचाईत एवढीच की मला आता सगळं पाठ झालंय. बरोबर उत्तर जिभेवर येतं, ते गिळावं लागतं. मुलगा म्हणतो, "बाबा, एकदा तरी नीट सांगा, आईला बरं वाटेल." कसं सांगू? पास झालो की वर्ग सुटला.

चला, हाक आली. आज उकडलेलं अंडं आहे, तिला मुळीच आवडत नाही, म्हणजे चूकही तशीच दणदणीत हवी. सांगून टाकतो, श्वास घेणं म्हणजेच श्वसन… आणि राहतो तासभर भिंतीकडे तोंड करून उभा.