वीणा खाली टेकत न्हाई

हसणार नसाल तर सांगतो. आमच्या अर्धापूरकडं सप्त्यात वीणा सात दिवस खाली टेकवत न्हाईत. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात, अन् घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो. नाम तर थांबतच न्हाई.

माझा वीणेचा पहारा दुपारी दोनला संपला. पुढचा गडी केळीची गाडी भरायला गेलेला. तीन वाजले. मला लघवीला लई जोरात लागलेली, अन् देवळात एक कुत्रं सोडून कुणीच न्हाई.

तेवढ्यात दत्ता आला. माझा धाकटा चुलतभाऊ. बांधाच्या भांडणापायी चार वर्षं आमचं बोलणं बंद. तो वीणेला डोकं टेकवायला वाकला, तशी मी ती त्याच्याच गळ्यात घातली अन् पळालो.

परत येऊन हात पुढं केले. चार वर्षांनी पहिल्यांदा बोलला, तेबी नामाच्या चालीत गाऊन, "आधी पाया पड."

मी वाकलो. मनात म्हणलं, हे वीणेला.

दत्तानं वीणा काही सोडली न्हाई. त्याच चालीत म्हणला, "हे वीणेला पोचलं. आता मला."