खडूच्या अकरा खुणा

कारागीर : ती पन्हळ काढू नका ताई. पुन्हा एकदा सोडा बॉल. ह्या खेपेला मी डोळे मिटून ऐकतो.

भाची : ऐकता? मी टेपने मोजतेय की.

कारागीर : तुम्ही मोजा, मी ऐकतो. सोडा... हं. शेवटच्या हातभर अंतरात पाय ओढत गेला.

भाची : एकशे साठ सेंटिमीटर. सकाळी एकशे एकसष्ट होतं. पाच आठवड्यांपूर्वी ह्याच पन्हळीवरून, एवढ्याच उंचीवरून सोडला तर दोनशे जात होता. म्हणजे वीस टक्के घट. बॉल तोच, पुसून घेतलेला.

कारागीर : दोन शब्दकोश आणि त्यांवर टेकवलेली प्लॅस्टिकची पन्हळ! तीस वर्षं लोकांच्या घरची बिलियर्डची टेबलं लावतोय. 'टेबल जड झालंय हो' म्हणतात, आणि किती जड ते हात पसरून दाखवतात. आकडा देणाऱ्या तुम्ही पहिल्या.

भाची : कारण मात्र सापडत नाहीये. मला वाटतं, हवेतला ओलावा. हे बघा, रोजचा ओलावा वहीत लिहून आलेखही काढलाय.

कारागीर : सुंदर काढलाय. आणि काय म्हणतो तुमचा आलेख?

भाची : काहीच नाही. ओलावा वरखाली होतो, टेबल आपलं मंद ते मंदच.

कारागीर : घाई आहे म्हणालात फोनवर.

भाची : उद्या दहा वाजता क्लबची माणसं टेबल उचलायला येणार आहेत. आत्यानेच बोलावलंय. टेबल तिचं आहे. सात महिन्यांपूर्वी तिच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तिने क्यूच्या काठीला हात लावला नाही. एरवी माझ्या आत्यासारखी खेळणारी... जाऊ दे, मी सुरू झाले तर थांबायची नाही. तिच्या काळी क्लबात एक नियम होता. खेळ कोणी सुरू करायचा हे ठरवायला दोघांनी एकेक बॉल मारायचा. समोरच्या कडेच्या रबरी कुशनला लागून तो परत आपल्याकडे यायचा, आणि ज्याचा जास्त जवळ येईल त्याची पहिली पाळी. तिचा बॉल म्हणे अलगद येऊन कडेला टेकायचा. आता म्हणते, ज्याच्याच्याने बॉल परत आणवत नाही त्याने टेबल अडवून बसू नये.

कारागीर : म्हणून टेबल पळतं करायचं. हलक्या हातानेही जाऊन परत यावा.

भाची : तेवढंच. तिला खांद्याच्या व्यायामाला पाठवलंय, दुपारी येईल. तुम्ही आणलेल्या नव्या कापडावर किती जाईल?

कारागीर : ह्यावर लव नाही, बघा, बोट फिरवा. तुमच्या पन्हळीवरून दोनशे चाळीस तरी जाईल. पण जुनं काढायच्या आधी जरा बघू द्या. कापड बघितलं की घरचा माणूस कळतो.

भाची : कापडावरून?

कारागीर : हे बघा, जिथून पहिला फटका मारतात तिथे एरवी जळल्यासारखे पांढरे ठिपके असतात. इथे एक नाही. ह्या टेबलावर उगाच ताकद दाखवणारं कोणी नव्हतं. आणि झीज कशी, सगळीकडे सारखी. कोपऱ्यात खड्डे नाहीत. असं टेबल दहा वर्षांत एखादं दिसतं. तुमच्या आत्याला एकदा बघायला हवं.

भाची : बघालच. नको म्हटलं तरी बघाल.

कारागीर : बरं, घरात डावखुरं कोण?

भाची : कोणी नाही. आम्ही दोघीच. दोघी उजव्या.

कारागीर : मग हा पंजा कोणाचा? ह्या टोकाला बघा, कापड तेलकट झालंय. चार बोटं आणि अंगठा. क्यू टेकवायचा हात सारखा एकाच जागी ठेवला की असा डाग पडतो. पण हा पंजा उजवा आहे. म्हणजे मारणारा हात डावा. आणि ताजा आहे हो, महिन्या-दोन महिन्यांतला.

भाची : शक्यच नाही. दुपारी मी कामावर असते, ती ह्या खोलीत दार लावून वाचत बसते.

कारागीर : काय वाचतात?

भाची : ...कधी विचारलं नाही.

कारागीर : बॅटरी धरा जरा. इकडे, खाली, कडेच्या लाकडाच्या आतल्या अंगाला. खडूच्या रेघा दिसतायत? मोजा, तुम्हाला आवडतं मोजायला.

भाची : एक, दोन, तीन... अकरा. काही तारखाही आहेत. हे आत्याचंच अक्षर. दर पंधरा दिवसांनी एक. अहो, ह्या सरकत आल्यात! पहिली पार तिकडे अर्ध्यात, मग इकडे, आणखी इकडे. परत येणारा बॉल जिथे थांबला तिथली खूण. तिने डाव्या हाताने... इतके महिने... आणि मी ह्याच घरात राहते!

कारागीर : आठवी, नववी. कडेपासून दोनच वीत राहिली होती हो. डाव्या हाताने, ह्या वयात! पण पुढच्या दोन बघा.

भाची : दहावी मागे गेलीय. दीड वीत मागे. अकरावी तिथल्या तिथे.

कारागीर : आणि मग क्लबाला फोन.

भाची : म्हणजे तिला वाटलं, आता हात साथ देत नाही.

कारागीर : दहावी कोणत्या तारखेची?

भाची : एक महिन्यापूर्वीची. का?

कारागीर : एक विचारतो, रागावू नका. कापड इथे बोटाने उचलून बघा. पोळीच्या पदरासारखं सुटं येतंय. आणि लव गुठळ्या होऊन चिकटलीय. हे कोणी ओल्या फडक्याने पुसलं का?

भाची : मी. पाच आठवड्यांपूर्वी. क्यूच्या टोकाला लावतात त्या खडूच्या धुळीने निळंभोर झालं होतं, म्हटलं टेबल स्वच्छ दिसलं तर तिला खेळावंसं वाटेल. साबणाचं पाणी घेतलं. अगदी थोडंच. मग केस वाळवायच्या यंत्राने वाळवलं.

कारागीर : अरे देवा. पाण्याने ताण गेला, गरम हवेने उरलासुरला गेला.

भाची : पुसायच्या आधी मोजलं तर दोनशे, दुसऱ्या दिवशी एकशे साठ. मला वाटलं, ओलं आहे, वाळलं की येईल परत. नंतर ओलाव्याच्या मागे लागले. सगळीकडे कारण शोधलं, फक्त माझ्या हातातलं फडकं तेवढं तपासलं नाही!

आत्या : कसलं फडकं? आणि पुढचं दार सताड उघडं का आहे? हे कोण?

भाची : आत्या! तू इतक्या लवकर?

आत्या : व्यायाम घेणाऱ्या मुलीला ताप आलाय. हे कोण, विचारलं मी.

कारागीर : मी टेबलं लावतो, बाई. कापड बदलायला बोलावलं होतं.

आत्या : उद्या जाणाऱ्या टेबलाला आज नवं कापड? कार्टे, तुला माझी दया आली वाटतं.

भाची : दया नाही गं. ऐक ना—

आत्या : टेबल गुळगुळीत करायचं, म्हातारीने टिचकी मारली की बॉल पळतोय, म्हातारी खूश. मला नाही चालायचं. हात कमी पडतोय तर कमी पडतोय. ते टेबलाने भरून द्यायचं कारण नाही.

भाची : तुझ्या रेघा बघितल्या आम्ही.

आत्या : कोणी सांगितलं खाली वाकायला?

कारागीर : मी वाकलो, बाई. धंदाच वाकायचा आहे.

भाची : आत्या, मी कापड ओल्याने पुसलं होतं. दहाव्या रेघेच्या आठवडाभर आधी. टेबल वीस टक्क्यांनी मंद झालंय, माझ्याकडे आकडे आहेत. मला हवं तेवढं बोल, पण आधी हिशोब ऐक. नववी खूण मारली तेव्हाचाच हात तुझा दहाव्या वेळी असता, तर ह्या मंद कापडावर बॉल निदान तीन वीत मागे पडला असता. कुशनला लागून किती वेग उरतो तेही धरलंय मी. ढोबळ आहे, पण तीनच्या खाली काही येत नाही. तो दीडच वीत मागे पडला.

आत्या : मग?

भाची : मग उरलेली दीड वीत कोणी भरून काढली? हात मागे गेलाच नाही तुझा. तो पुढे जात होता, आणि खालून टेबल मी मागे ओढत होते.

आत्या : पुन्हा सांग. सावकाश.

भाची : टेबल मंद झालं. तू नाही झालीस.

आत्या : ...साबण घातला होतास पाण्यात?

भाची : थोडासा.

आत्या : शहाणी. एवढं शिकवलं, काय उपयोग. अहो, तुम्ही. तो गुंडाळलेला तागा गाडीत ठेवा परत.

कारागीर : म्हणजे? लावायचं नाही?

आत्या : नवं नको. हेच काढा, हेच ताणून बसवा. हिने नेलं तेवढं मला परत हवं, त्याच्यावर एक बोटसुद्धा नको.

कारागीर : बाई, नवीन कापडावर आज पहिल्याच फटक्यात टेकेल बॉल.

आत्या : म्हणूनच नको. नऊ खुणा ह्या कापडावर मारल्यात. खरी दहावी दुसऱ्यावर मारली तर तिला अर्थ काय?

भाची : बरोबर आहे काका. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हे खरं तर मी सांगायला हवं होतं, आणि बघा, आत्याला सांगावं लागलं.

कारागीर : लोक मला टेबल पळवायला बोलावतात. आहे तिथे आणून ठेवा म्हणणारं कोणी भेटलं नव्हतं. काढतो. कडा सोडवायला हात लावा ताई, आणि खुणांच्या लाकडाला बोट लागू देऊ नका.

(साडेतीन तासांनंतर. तेच कापड, ताणून बसवलेलं. साबणाचा थर ब्रशने काढून टाकलेला. भिंतीशी दोन शब्दकोश आणि पन्हळ.)

भाची : एकशे सत्त्याण्णव. तीनदा सोडला, तीनदा सत्त्याण्णव.

कारागीर : तीन सेंटिमीटर नाही भरून निघाले, बाई. पाण्याने लव थोडी मेली ती मेली. माझी हद्द इथपर्यंत.

आत्या : तेवढे मी घालते. सरका. ह्या हाताने मारताना कोणी बघितलेलं नाही. हसायचं नाही.

कारागीर : मी डोळे मिटून ऐकतो.

भाची : मी पण मिटू?

आत्या : तू बघ. तुला मोजायचंय.

कारागीर : ...वा. काय सरळ निघाला. कुशन. येतोय. आवाज ऐका ताई, पाय ओढत नाहीये. येतोय अजून.

भाची : ये, ये, ये... थांबला. टेकला नाही गं. बारा सेंटिमीटर राहिले.

आत्या : नववी खूण कुठे आहे?

कारागीर : पार मागे राहिली, बाई. दीड वीत मागे. आता डोळे उघडू का?

आत्या : उघडा. आणि तो खडू द्या इकडे.

भाची : आत्या, क्लबच्या माणसांना काय सांगू?

आत्या : सांग, टेबल वापरात आहे.