नातानला काय सांगायचं

१९६८ साल. वॉर्साच्या जकात कचेरीत देश सोडून जाणाऱ्या ज्यूंची रांग लागली होती. गेल्या महिन्यात वारलेल्या वडिलांची पुस्तकं सोबत नेता यावीत म्हणून त्यांची यादी घेऊन आलिनाही तिथे उभी होती. तिच्या पुढे दोन म्हाताऱ्या शेजारणी होत्या: नवऱ्याचं थडगं मागे ठेवून देश सोडणारी गुस्तावा आणि तिच्या सोबतीला आलेली पेलाग्या.

"माझ्या नातानच्या थडग्यावर फुलं नकोत हं, पेलाग्या. आमच्यात खडा ठेवतात."

"नुसता खडा? लोक मला चिक्कू म्हणतील."

"म्हणू देत. आहेसच तू."

"बरं बाई, खडा. पण तू जातेयस, हे सांगितलंस ना त्यांना?"

"काल तासभर बसले होते थडग्यापाशी. माझ्या गुडघ्यांचं सांगितलं, तुझ्या सुनेचं सांगितलं."

"माझ्या सुनेचं कशाला? आणि जाण्याचं?"

"कसं सांगू गं? या देशासाठी लढत बर्लिनपर्यंत चालत गेला तो, पायाची दोन बोटं गमावून आला. आता हाच देश मला म्हणतो, तू आमची नाहीस. ऐकवेल त्याला?"

"डोळे पूस आधी. शिपाई बघतोय."

"बघू दे मेल्याला."

"मी सांगते त्यांना. म्हणेन, गुडघे शेकायला गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेलीय."

"किती दिवस?"

"तीन आठवडे."

"आणि चौथ्या आठवड्यात त्यानं विचारलं तर?"

"तर म्हणेन, यायचं म्हणून रोज हट्ट धरते हो, पण डॉक्टर सोडतच नाहीत."